गाडीची पट्टी



बागेची पानगळ झाली, पहिलं पाणी सोडलं, आता आठवडाभर हाताला जरा सवड आहे. गेल्या महिन्यात घरी चारचाकी आणली, तेव्हापासून फोन चालूच आहेत. "आप्पा, कितीला पडली?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं इथंच लिहितो. फवारणीची किंवा खताची नोंद नाही ही, पण हिशोबाचीच नोंद आहे. आपल्या पानावर चालून जाईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि शोरूमचंही लिहिणार नाही. नाव लिहिलं की तुमची गाडी भारी का आमची भारी यावरच पोरं भांडत बसतील आणि मुद्दा बाजूला राहील. मुद्दा गाडीचा नाही, भावाचा आहे.

आधी गाडी का घेतली ते सांगतो. आमची वस्ती सांगोला तालुक्यात, गावापासून आत. पावसाळ्यात काळ्या रानातला रस्ता कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. 2024 च्या जुलैत रात्री दोन वाजता आईला दम लागला. वय अठ्ठ्याहत्तर. शेजाऱ्याची पिकअप बोलावली. पुढं ड्रायव्हर, मधे आई, कडेला मी. तिच्या गुडघ्यापाशी गिअरचा दांडा, मागं रिकाम्या क्रेटचा खडखडाट. दवाखान्यात पोचलो, आई वाचली. पण त्या रात्री ती एकच वाक्य बोलली, "आरं, मी काय डाळिंबाचं क्रेट हाय का?" हसत बोलली, पण माझ्या मनात ते बसलं.

तेव्हा पैसा नव्हता. 2021 ला मर रोग आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानं बाग काढावी लागली होती, आपल्या भागातल्या पुष्कळांची तीच गत झाली. पुन्हा लावलेल्या तीन एकर भगव्याचे दोन अंबिया बहार नीट निघाले. पुढच्या बहाराचा सगळा खर्च बाजूला काढला, सोसायटी भरली आणि हातात साडेसात लाख राहिले. हे आधी लिहितो, कारण गाडीचा भाव शोरूममध्ये ठरतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो घरात ठरतो, पुढच्या बहाराचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरतं त्यात.

पोराचं मन मोठ्या गाडीत होतं. सात सीटची, लांबलचक, अठरा लाखाची. त्याचं म्हणणं, "आप्पा, चारचौघात दिसली पाहिजे." त्याच्या लग्नाचं बघायचं चाललंय, त्यामुळं त्याच्या बोलण्यात काय आहे ते मलाही कळत होतं. मी त्याला वहीत लिहायला लावलं, गेल्या वर्षात सातजण एकत्र कितीदा गेलो. दोन वेळा. एकदा पंढरपूरला, एकदा पुतणीच्या लग्नाला. दोन दिवसांसाठी भाड्यानं गाडी करता येते. बाकीचे 363 दिवस दोन रिकाम्या सीटा आपल्याच पैशानं ओढत फिरायच्या का?

तरी त्याच्या मनात राहू नये म्हणून दाखवायला गेलो. आईलाही नेलं. गाडी कुणासाठी घ्यायची तो माणूस घरी ठेवून गाडी बघायला जाऊ नये. मोठ्या गाडीचं दार उघडलं. आईनं एक पाय उचलला, दाराला धरलं, दुसरा पाय काही उचलेना. शोरूमचा पोरगा म्हणाला, "आजी, खाली पायरी बसवून देतो, पंधरा हजारात." आई म्हणाली, "बाबा, गाडीत बसायला शिडी लागत आसंल तर ती माझ्या कामाची न्हाय." तिथंच अठरा लाखाचा विषय मिटला. पोरगंही काही बोललं नाही.

मग चार मीटरच्या आतली, पाच सीटची बघायचं ठरलं. यातही खालून उंच असलेल्या एसयूव्ही मिळतात, मातीच्या रस्त्याला पोट घासत नाही आणि सीट माणसाच्या कमरेच्या उंचीला येते. आई सहज बसली, सहज उतरली. मी सोबत एक रिकामं क्रेट नेलं होतं, डिकीत बसतं का बघायला. सौ. तिथंच म्हणाली, "अहो, ह्या गाडीत डाळिंब भरलं तर मी त्यात बसणार नाही." तेवढं ऐकलं. क्रेट मात्र बसत होतं.

सुरक्षेचंही बघितलं. गाडी आदळून तपासायची आपल्या देशाची पद्धत, भारत एनकॅप, 2023 पासून चालू झाली आहे. मोठ्यांसाठी किती स्टार आणि लहान मुलांसाठी किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. पत्रा जाड आहे का म्हणून दारावर टिचक्या मारून काही कळत नाही. टिचकीनं कलिंगड कळतं, गाडी नाही.

आता डिझेल का पेट्रोल. शेतकरी म्हणलं की डिझेल, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण हिशोब मांडला. त्याच गाडीचं डिझेल मॉडेल साधारण 1 लाख 30 हजारानं महाग. पेट्रोलला 14 चं अॅव्हरेज धरलं आणि 105 चा दर, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. डिझेलला 19 चं आणि 92 चा दर, म्हणजे 4 रुपये 84 पैसे. फरक 2 रुपये 66 पैशांचा. 1 लाख 30 हजार वसूल व्हायला जवळजवळ 49 हजार किलोमीटर लागतात. आमचं फिरणं महिन्याला 800 किलोमीटर. म्हणजे पाच वर्षं नुसती बरोबरी करण्यात जाणार.

शिवाय 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं. तेव्हापासून डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून लांब, एका दमात पळावी लागते. वस्ती ते गाव, गाव ते वस्ती असं तीन-चार किलोमीटरचं रोजचं चालवणं असेल तर ती जाळी तुंबते. ज्यांचं महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणं आहे त्यांना डिझेलच बरं. आम्हाला नाही. दुसऱ्याची बाग बघून आपल्या बागेला खत टाकायचं नसतं, तसंच हे.

आता भावाकडं येतो.

पहिल्यांदा शोरूमला गेलो ते ऑगस्टमध्ये. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटी कमी होणार हे पंतप्रधान बोलले होते. शोरूमचा मॅनेजर म्हणाला, "त्याचं काही खरं नाही, आत्ता घ्या, पुढं किमती वाढतील." डाळिंबाचा व्यापारी बागेत येऊन म्हणतो ना, "आज द्या, उद्या बाजार पडतोय," त्याचंच हे उलटं. आम्ही थांबलो. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी, तिच्यावर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस होता, तो 18 टक्के झाला. त्याच दिवशी ट्रॅक्टरवरचा 12 चा 5 झाला, ठिबकचाही 12 चा 5 झाला. ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

आमच्या बघितलेल्या गाडीची एक्स-शोरूम किंमत 10 लाख 50 हजार होती, ती 9 लाख 60 हजार 500 वर आली. गंमत पुढं आहे. किंमत 10 लाखाच्या खाली आली की आपल्या राज्यात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स 12 ऐवजी 11 टक्के लागतो. म्हणजे 1 लाख 26 हजाराचा 1 लाख 5 हजार 655 झाला. आणि 10 लाखाच्या वरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस कापतात, ते साडेदहा हजारही गेले. एकूण 1 लाख 20 हजार खाली आले. रिटर्न भरत असाल तर टीसीएस परत मागता येतो, पण आपल्यातले किती जण भरतात? म्हणून गाडीची किंमत 10 लाखाच्या आसपास असेल तर वरचं मॉडेल घ्यायच्या आधी हा बांध कुठं आहे ते बघा. चाळीस हजाराच्या वस्तूसाठी बांध ओलांडला तर टॅक्स सगळ्या किमतीवर वाढतो.

दसऱ्याला शोरूमवर मोठा फलक होता, "1 लाख 20 हजारांची बचत." मी विचारलं, यात तुमचे किती? मॅनेजर हसला. त्यात शोरूमचा एक रुपया नव्हता, सगळी करातली कपात. दसरा-दिवाळीला सगळ्यांनाच गाडी पाहिजे असते, त्यामुळं तेव्हा कोणी खाली येत नाही. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त, मग भाव कशाला पडेल? आम्ही पुन्हा थांबलो. सौ. म्हणाली, "पाडव्याला सगळ्यांच्या दारात गाड्या आल्या, आपलं कधी?" मी म्हणलं, आपला माल मार्केटला नेताना आपण आवक बघतो ना, तसं आता त्यांची आवक बघू.

डिसेंबरच्या शेवटी शोरूमला जुन्या वर्षाच्या गाड्या काढायच्या असतात. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष छापून येतं. 2025 ची गाडी जानेवारी लागला की कागदावर एक वर्षानं जुनी होते, पुढं विकताना तेवढे पैसे कमी येतात. म्हणून डिसेंबरात घासाघीस करता येते. पण हे दोन्हीकडून बघायचं. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर त्या एका वर्षानं फारसं बिघडत नाही. दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर सूट त्या तोट्याला पुरते का ते बघा. आम्ही ठेवणारी माणसं.

तीन ठिकाणी गेलो. पंढरपूर, सोलापूर आणि मिरज. तिन्हीकडं एकच गाडी, एकच मॉडेल, एकच रंग सांगितला आणि म्हणलं, तोंडी नको, कागदावर लिहून द्या. पहिला कागद हातात आला तेव्हा मला हसूच आलं. अहो, ही तर पट्टी! पुण्याला डाळिंब पाठवलं की पट्टी येते तीच. वर मालाचा भाव, खाली भाडं, हमाली, तोलाई आणि शेवटी राहिलेले पैसे. फरक एवढाच की आपल्या पट्टीत प्रत्येक ओळ वजा होत जाते आणि गाडीच्या पट्टीत प्रत्येक ओळ वाढत जाते. दोन्हीकडं कापला जातो तो शेतकरीच.

ती पट्टी अशी होती.

एक्स-शोरूम 9,60,500
रोड टॅक्स 1,05,655
नोंदणी, फास्टॅग वगैरे 14,500
विमा 51,800
हँडलिंग चार्जेस 9,500
अॅक्सेसरीज किट 22,000
एक्स्टेंडेड वॉरंटी 17,900
एकूण 11,81,855

सगळे लोक शेवटच्या आकड्यावर भांडतात, "पन्नास कमी करा, तीस कमी करा." मॅनेजर जरा आढेवेढे घेऊन वीस कमी करतो, आपण खूश. आम्ही शेवटच्या आकड्याला हातच लावला नाही. पट्टी बघताना आपण काय विचारतो? ही ओळ कशाची? तेच विचारलं, एकेका ओळीला.

नोंदणीचे 14,500 कशाचे? म्हणाले, आरटीओचा खर्च. म्हणलं, आरटीओ पावती देतं, पावतीवर जेवढे तेवढे घ्या. गाडीची नोंदणी फी 600 रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, बाकी कार्ड आणि फास्टॅग. सगळ्या पावत्या मिळून 4,300 झाले.

विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे, त्याचा दर सरकारी, कुठंही गेलात तरी तोच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो शोरूममधूनच घ्यावा असं कुठलंही बंधन नाही. पोरानं तालुक्याच्या एजंटाकडून त्याच कव्हरचं कोटेशन आणलं, 37,400 चं. शोरूम म्हणालं, "बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होणार नाही." कॅशलेस हे विमा कंपनीची त्या वर्कशॉपशी जोडणी आहे का त्यावर असतं, विमा कुणी विकला त्यावर नाही. हे सांगितल्यावर तेच 38,200 वर आले. आठशे रुपये जास्त देऊन मी त्यांच्याकडूनच घेतला, उद्या क्लेमला एकच दार वाजवायचं म्हणून.

हँडलिंग. गाडी कारखान्यातून आणायचा, धुवायचा, उभी करायचा खर्च म्हणे. तो गाडीच्या किमतीत धरलेलाच असतो. दुकानदार खताच्या पोत्यावर दुकानात उभं राहायचं भाडं घेतो का? ती ओळ काढायला लावली.

अॅक्सेसरीजमधून मॅट आणि मडफ्लॅप घेतले, 4,800. सीट कव्हर, कोटिंग, झाकायचं कव्हर बाहेर निम्म्यात मिळतं. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, आत्ता नको म्हणलं. आणि वर्षअखेरची सूट 35,000, तीही वस्तूत नाही, रोखीत, बिलावर लिहून.

एकूण झाले 10,78,455. पहिल्या कागदापेक्षा 1,03,400 कमी. त्यातले सुटीचे फक्त 35 हजार. उरलेले 68,400 हे नुसतं "ही ओळ कशाची" असं विचारल्याचे आहेत. मी काही हुशार नाही, दहावी पास माणूस. पण तीस वर्षं पट्ट्या वाचतोय.

कर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथंही खूप जण फसतात. चार लाख कर्ज हवं होतं. शोरूमच्या टेबलावर फायनान्सवाला म्हणाला, "फक्त सहा टक्के." विचारलं, फ्लॅट का घटत्या शिलकीवर? म्हणाला फ्लॅट. फ्लॅट म्हणजे तुम्ही हप्ते भरत गेलात तरी व्याज पाचही वर्षं पूर्ण चार लाखावरच. व्याज झालं 1 लाख 20 हजार. घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर जवळजवळ अकरा टक्के पडतो. बँकेचा घटत्या शिलकीवर नऊ टक्के होता, त्यात व्याज 98 हजाराच्या आसपास. सहा आकडा छोटा दिसतो, पण तो नवापेक्षा महाग आहे. आणि महिन्याचा हप्ता आपल्याला झेपत नाही, आपला पैसा महिन्याला येतच नाही. बँकेला विनंती करून सहामाही हप्ता बांधून घेतला. त्यात व्याज थोडं वाढतं, पण रात्रीची झोप लागते.

एका मित्रानं सुचवलं होतं, पीककर्ज वापर, स्वस्त आहे. मी नाही म्हणलं. पीककर्ज वेळेत फेडलं तरच स्वस्त असतं, आणि ते एका हंगामात फेडायचं असतं. गाडी एका हंगामात पैसे परत देत नाही. ज्या पैशानं बाग उभी राहायची तो पैसा दारात उभा करायचा नाही.

आता जे लिहायला जरा जड जातं ते लिहितो.

आमच्याशी सगळा व्यवहार करणारा पोरगा पंचविशीचा, मंगळवेढ्याकडचा. घरी ज्वारीचं रान. मिरजेचं कोटेशन यांच्यापेक्षा पाच हजारानं कमी होतं. मी ते त्याच्यासमोर ठेवलं, उठलो, चप्पल घातली आणि दारापर्यंत गेलो. हे मी कुणाकडून शिकलो? आमच्या बागेत येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून. बाग बघतात, "डाग लई हाय" म्हणतात, गाडीला किक मारतात, आणि आपण मागून हाक मारतो. तीस वर्षं हाक मारणारा मी होतो. त्या दिवशी पहिल्यांदा हाक ऐकणारा झालो.

पोरगा दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "काका, मॅनेजर आता खाली येणार नाही. हे पाच मला माझ्या कमिशनमधून सोडावे लागतील. तुम्ही म्हणत असाल तर सोडतो, महिन्याचं टार्गेट तरी होईल."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मागच्या बहारात एका व्यापाऱ्यानं किलोला शेवटचे दोन रुपये ओढले होते तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसलं. हँडलिंगचे 9,500 कुणाच्या कष्टाचे नव्हते, ते काढायला मला काही वाटलं नाही. हे पाच हजार त्या पोराच्या चार महिन्यांच्या चकरांचे होते. दोनदा तो गाडी घेऊन वस्तीवर आला होता, आमच्या चिखलात चालवून दाखवायला. मी परत जाऊन बसलो. म्हणलं, राहू दे तुझे पाच. पोरगा माझ्यावर जरा नाराज झाला, "आप्पा, मिळत होते की." मिळत होते. पण रास्त भाव म्हणजे समोरच्याला पिळून जेवढा खाली येईल तेवढा, असं मला वाटत नाही. तसं असेल तर आपण व्यापाऱ्याला शिव्या कोणत्या तोंडानं द्यायच्या?

सगळं ठरलं तेव्हा तोच पोरगा म्हणाला, "काका, ह्या अंतिम कागदावर मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या." मला वाटलं, उगाच. तरी घेतला.

गाडी न्यायचा दिवस. नंबर पडला होता, पाटी लागली होती, बँकेचे पैसे जमा झाले होते, पन्नास हजार द्यायचे बाकी होते. आई नऊवारी नेसून आलेली, सौ.च्या हातात हार, नारळ, हळदी-कुंकवाचं ताट. मॅनेजर म्हणाला, "साहेब, 9,500 अजून द्यावे लागतील, सिस्टीममध्ये हँडलिंग कंपल्सरी दाखवतंय." त्या दिवशी तो पोरगा सुट्टीवर होता.

बघा मंडळी, हे काय आहे. व्यापारी बागेचा भाव ठरवतो, तोडणीला माणसं लावतो, अर्धा माल तुटला की म्हणतो, "बाजार पडला, दहा कमी करा." तुटलेलं डाळिंब परत झाडाला लागत नाही हे त्याला माहीत असतं. गाडी आता माझ्या नावावर झाली होती. मॅनेजरलाही माहीत होतं की हा माल तुटला आहे, म्हातारी नटून आली आहे, हा माणूस आता 9,500 साठी परत जाणार नाही.

पोरगं म्हणालं, "आप्पा, देऊन टाकू, मुहूर्त जाईल." खरं सांगतो, माझाही हात खिशाकडं गेला होता. आईनं विचारलं, "काय झालं?" सांगितलं. ती खुर्चीत नीट बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "मला काय घाई न्हाय. मी बसते हितंच. तू तुझा हिशोब कर."

मी शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला. म्हणलं, भांडायचं नाही मला. एक तर ह्या कागदाप्रमाणं घ्या, नाहीतर 9,500 ची वेगळी पावती द्या, तुमच्या नावाची, जीएसटी नंबरसकट, त्यावर "हँडलिंग चार्जेस" असं स्पष्ट लिहून, सही-शिक्का मारून. पैसे आत्ता देतो, पावती घेऊन काय करायचं ते माझं मी बघतो. मॅनेजर आत गेला. चहा आला. आम्ही दीड तास बसलो. आई तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईशी तिच्या सुनेविषयी बोलत होती. शेवटी बाहेर येऊन मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, सिस्टीममधून काढलं." पावती कुणालाच द्यायची नसते मंडळी. हे एवढं ध्यानात ठेवा, हँडलिंगलाही आणि कडत्यालाही.

माझ्याही चुका झाल्या. पहिल्याच भेटीत आमच्या पोरानं सांगून टाकलं की पांढराच रंग पाहिजे आणि हेच मॉडेल पाहिजे. मीही बोलून गेलो की यंदा बहार चांगला निघाला. आपण बागेत व्यापाऱ्याला कधी सांगतो का, "मला पैशाची नड आहे"? तसंच शोरूममध्ये आपली हौस आणि आपला पैसा, दोन्ही सांगायचं नाही. ते सांगितलं नसतं तर सूट अजून थोडी मिळाली असती असं वाटतं.

शेवटी नारळ फुटला. आई मागच्या सीटवर खिडकीपाशी बसली. वाटेत एका जागी म्हणाली, "हितं गिअर लागत न्हाय गुडघ्याला." तेवढंच.

त्या मंगळवेढ्याच्या पोराला दुसऱ्या दिवशी फोन केला. शिक्का का घ्यायला लावला ते विचारलं नाही. म्हणलं, पुढच्या बहाराला ये, डाळिंब घेऊन जा. म्हणाला, "काका, भाव काय लावाल?" म्हणलं, पट्टी करून देतो, एकही ओळ जास्तीची नसेल.

तुमच्यापैकी कुणी गाडी, ट्रॅक्टर, काहीही घेत असाल तर शोरूमचा कागद अंगणात बसून घरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ज्या ओळीचा अर्थ घरच्या म्हातारीला सांगता येत नाही, ती ओळ द्यायची नाही.

पुढच्या नोंदीत पहिल्या पाण्यानंतरची फूट कशी निघाली ते लिहितो.

राम राम.